दार मी लावलं

आमच्या धर्मग्रामाच्या नाताळ अंकासाठी फादरांनी लेख मागितला, तेव्हा विषयही त्यांनीच देऊन टाकला. कामाच्या ठिकाणी ख्रिस्ती मूल्यं कशी जगावीत आणि चारचौघांत आदर्श कसा ठेवावा. "बस्त्याव, तूच लिही. एवढी वर्षं बंदरावर काढलीस, पण कुणाचा चहासुद्धा फुकट प्यायला नाहीस," असं ते मिस्सा संपल्यावर सगळ्यांदेखत म्हणाले. मी मान डोलावली आणि घरी येऊन दोन दिवस कोऱ्या कागदासमोर बसलो. माझी बायको फिलू मासळी साफ करता करता म्हणाली, "तुझ्या कामावरच्या त्या सदाचं लिहिणार असलास तर लिही. नाहीतर फादरांना नाही म्हणून सांग."

म्हणून सदाचं लिहितो आहे. वाचून फादरांना छापावंसं वाटलं नाही, तर त्यांनी छापू नये. माझी काही तक्रार नाही.

आधी माझं काम काय होतं ते सांगतो, कारण ते कुणालाच माहीत नसतं. मी सर्व्हेयर. माझ्या लग्नाच्या बैठकीत हे सांगितलं तेव्हा फिलूच्या मामांना मी जमिनी मोजतो असं वाटलं, आणि त्यांनी लगेच आपल्या बांधाचा वाद माझ्यापुढे मांडला. मी जमीन मोजत नाही. उरणच्या बाजूला, जिथं आधी मिठागरं होती, तिथं आता रिकाम्या कंटेनरांची यार्डं आहेत. बोटीनं भरून आलेला कंटेनर कुठंतरी रिकामा होतो आणि आमच्याकडे येतो. आम्ही त्याला डबा म्हणतो. तो पुन्हा भरायला द्यायच्या आधी धड आहे की नाही हे बघायचं आणि चिठ्ठीवर सही करायची, एवढंच माझं काम.

डब्यांतून काय काय निघतं याचं मी वेगळं पुस्तक लिहीन. एकात फक्त डाव्या पायाची एक बायकी चप्पल होती. एकात बेडकांचं अख्खं कुटुंब परदेशातून फुकट आलं होतं. एकदा एक डबा माशांच्या भुकटीचा आला आणि एजंटला तो चहापत्ती भरायला हवा होता. तो शपथेवर सांगत होता की वास बिलकुल येत नाही. मी त्याला म्हटलं, "मग आत बसून जेवून दाखव." बिचारा डबा घेऊन डब्यात शिरला. दुसऱ्या घासाला बाहेर आला आणि मला नमस्कार करून निघून गेला.

पण खरी तपासणी असते ती उजेडाची. एक माणूस रिकाम्या डब्यात जाऊन उभा राहतो आणि दुसरा बाहेरून दोन्ही दारं लावतो. आत मिट्ट काळोख. डोळे सरावेपर्यंत थांबायचं आणि मग छत, भिंती, कोपरे बघत फिरायचं. सुईएवढं भोक असलं तरी तिथून ऊन लख्ख आत आलेलं दिसतं. तिथून उद्या पावसाचं पाणीही येणार. कंटेनरचं दार आतून उघडत नाही, हे लक्षात ठेवा. त्याचे लोखंडी दांडे बाहेरच्या बाजूला असतात. म्हणून हे काम दोघांनीच करायचं, आणि आत जाणाऱ्यानं स्वतःचं हेल्मेट बाहेर दाराच्या हँडलला अडकवून ठेवायचं. हेल्मेट दिसलं की त्या दाराला कुणी हात लावत नाही.

आता मे महिन्यात त्या लोखंडात कोण शिरणार? डोक्यावरचं छत तव्यासारखं तापलेलं असतं. त्यामुळे बरेच जण काय करत, दारात उभं राहून भिंतीवर दोन थापा मारत आणि सही ठोकत. मी मात्र एकही डबा तसा सोडला नाही. माणूस बघत नसला तरी देव बघतो, हे माझ्या आईनं कोर्लईला असताना डोक्यात भरवलं होतं. यार्डात मला पाद्री म्हणत. पुढं तर नवीन पोरांना शिकवायचं कामही मॅनेजरनी माझ्याकडे दिलं. माझ्या वयाच्या इतर सगळ्यांना पोरं काका म्हणत आणि मला एकट्याला साहेब. तो मान आहे, असं मी समजत होतो.

दिनकरचं सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. तो आमच्याकडचा जुना सर्व्हेयर, गप्पिष्ट आणि जरा आळशी. एका डब्यात न शिरता त्यानं सही केली, छताला चीर होती, आणि आतला तांदूळ वाटेत भिजला. चौकशी झाली तेव्हा दिनकरनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "बस्त्याव, त्या दिवशी पोरगी तापानं फणफणली व्हती, माझं ध्यान न्हवतं. तू फकस्त गप ऱ्हा." मी गप राहिलो नाही. मॅनेजरांनी विचारलं आणि मी जे होतं ते सांगितलं. दिनकरला घरी जावं लागलं. त्यानंतर प्रत्येक नवीन तुकडीला शिकवताना मी दिनकरची गोष्ट नावानिशी सांगत असे. ती ऐकून पोरांचे चेहरे गंभीर होत आणि मला बरं वाटे. फिलूनं एकदा विचारलं होतं, "त्याच्या घरी जाऊन आलास का रे?" मी म्हटलं, "कशाला? मी काय खोटं बोललो?" 

सदा या सगळ्यानंतर आला. जवळच्याच गावातला आगरी, बाप मिठागरावर राबलेला. चाळिशीला टेकलेला, अंगानं किरकोळ, कामाला चोख. माझ्या हाताखाली तयार झालेला तो सगळ्यात चांगला सर्व्हेयर. त्याच्यावर माझा एवढा भरवसा होता की त्याच्या चिठ्ठ्यांवर मी डोळे मिटून सही करत असे. हे मी बोलण्याच्या ओघात म्हणत नाही, खरंच करत असे.

त्या दिवशी मे महिन्याचा शेवटचा आठवडा होता. पावसाच्या आधी सगळ्यांना माल हलवायची घाई असते, त्यामुळे सकाळपासून ट्रेलरांची रांग रस्त्यापर्यंत गेलेली. दहाच्या सुमाराला मी यार्डातून फेरी मारत होतो. खालच्या ओळीतल्या एका डब्याचं दार लागलेलं नव्हतं. एक पाखं बंद, दुसरं दोन बोटं उघडं. उघडी दारं म्हणजे माझा जुना राग. त्यातून कुत्री शिरतात, घुशी शिरतात, वाऱ्यानं दार आपटलं तर कुणाची बोटं जातात. उघडं दार दिसलं की ज्यानं पाहिलं त्यानं ते लावायचं, हा नियम यार्डात मीच आणला होता. हँडलला हेल्मेट नव्हतं. मी खांद्यानं पाखं ढकललं, दांडे खाली बसवले आणि हँडल दाबून टाकलं. मे महिना मरियामातेचा, म्हणून तिचं एक गीत सकाळपासून तोंडात घोळत होतं. ते गुणगुणतच मी हे सगळं केलं. आत डोकावलो नाही. साधी हाकसुद्धा दिली नाही. त्याला किती वेळ लागला असता?

मग मी पुढं गेलो. जाताना मनात म्हटलंही, बस्त्याव, तू नसतास तर या यार्डाचं काय झालं असतं.

अकराला सदा जागेवर नव्हता. साडेअकरालाही नव्हता. त्याचा मोबाइल कॅबिनच्या कप्प्यात पडलेला, कारण यार्डात मोबाइल न्यायला बंदी. माझा पारा चढला. चांगल्या माणसालाही मोकळीक मिळाली की तो बिघडतो, असं काहीतरी मी कॅबिनमध्ये मोठ्यानं बोललो आणि हजेरीच्या वहीत लाल पेनानं लिहिलं, 'सदानंद विनापरवानगी गैरहजर'. ती लाल ओळ मला आजही दिसते.

बाराच्या पुढं फाटकावर गलका झाला. नजीर नावाचा उरणचाच एक ट्रेलरवाला रांगेत गाडी उभी करून खाली उतरला होता आणि मागचे हॉर्न वाजवून त्याला शिव्या घालत होते. मी तरातरा गेलो.

"सायेब, जरा डबा खोला," नजीर म्हणाला. "आतून कायतरी वाजतंय."

"रिकाम्या डब्यात काय वाजणार? रांग अडवू नकोस."

"अल्लाकसम, ठक ठक येतंय. आत्ता बंद झालं."

मी त्याच्या हातातली चिठ्ठी घेतली आणि त्याच्या नाकासमोर धरली. "हे बघ. डबा तपासलाय. ही सदाची सही, ही माझी. काही नाही आत."

नजीरनं चिठ्ठीकडे पाहिलं. म्हणाला, "सही तुमची हाय, मान्य. पन वाजवनारा कोन हाय?"

मी वैतागून ट्रेलरवर चढलो. त्याला धडा शिकवायचा या विचारानंच चढलो, हे कबूल करतो. हँडल हाताला चटका देत होतं. दांडे वर केले, दार ओढलं. आतून भट्टीसारखी धग आली आणि तिच्याबरोबर सदाचा हात बाहेर पडला.

तो दाराला टेकून बसलेला होता, दार उघडताच कलंडला. अंगावरचा शर्ट पिळून काढावा इतका ओला. मुठी सुजून सोललेल्या. ओठ पांढरे.  नजीरनं मला जवळजवळ बाजूला ढकललं, सदाला खाली घेतला, गाडीच्या सावलीत निजवून त्याच्या डोक्यावर पाण्याचा कॅन रिकामा केला. कुणी गाडी आणायला धावलं, कुणी वारा घालायला लागलं. मी फक्त उभा होतो. ते दार कुणी लावलं हे त्या सगळ्या घोळक्यात मला एकट्याला माहीत होतं.

सदानं डोळे उघडले. आजूबाजूला बघितलं, त्याला मी दिसलो, आणि तो उठून बसायची धडपड करू लागला. मी खाली वाकलो. मला वाटलं तो पाणी मागतोय.

"सायेब," तो म्हणाला, "डबा बरोबर हाय. एकबी भोक न्हाय. मी नीट बघितला. कंपलेंट करू नका."

माणूस मरता मरता वाचला होता, आणि त्याला तक्रारीची भीती वाटत होती.  मी तिथंच डांबरावर बसलो.

झालं काय होतं, ते दवाखान्यात सलाइन लागल्यावर त्यानं सोबत गेलेल्या नजीरला सांगितलं. मला नाही, नजीरला. सकाळच्या गर्दीत त्या एका डब्याची उजेडाची तपासणी राहिली होती. त्यानं सही करून चिठ्ठी पुढं दिली, आणि मग त्याला कळलं की डब्यात लहान मुलांची दूध भुकटी जाणार आहे. त्याच्या जिवाला चैन पडेना. चिठ्ठी तर निघून गेली होती. आता काय करायचं? सरळ माझ्याकडे येऊन "एक डबा राहिला" म्हणायचं, एवढं सोपं काम होतं. पण त्याला दिनकर आठवला. मग तो एकटाच गेला. हेल्मेटवर त्याचं नाव होतं, ते बाहेर अडकवलं तर मला दिसेल म्हणून ते डोक्यावर ठेवूनच आत शिरला. दाराला आतून सुतळी बांधून ते ओढून धरलं. तेवढ्यात पलीकडून मी आलो.

म्हणजे मी शिकवलेलं सगळं त्यानं मनापासून घेतलं होतं. चुकीचं काम गप बसू देत नाही, हेही घेतलं, आणि चूक साहेबांना कळता कामा नये, हेही घेतलं. दोन्ही माझेच धडे. दुसरा मी कधी तोंडानं शिकवला नव्हता, पण तोच जास्त चांगला शिकवला गेला होता.

नजीरकडून हे सगळं कळल्यावर दुपारी मॅनेजरनी मला बोलावलं. भला माणूस, पण कागदाला घाबरणारा. ते म्हणाले, "दार वाऱ्यानं लागलं असं लिहू. तो एकटा आत गेला, हेल्मेट बाहेर अडकवलं नाही, नियम मोडला. वरच्यांना एक नाव द्यावं लागेल, ते त्याचं देऊ. तुमचं नाव कशाला मध्ये? तुमच्याकडे बघून तर इथले लोक वागतात."

मी म्हटलं, "वाऱ्यानं दांडे बसत नाहीत. दार मी लावलं."

 ते समोरची चिठ्ठी हातात घेऊन म्हणाले, "बरं, पण मूळ गुन्हा तर त्याचा ना? डब्यात न जाता सही केली. दिनकरचं आणि याचं एकच."

त्यांनी चिठ्ठी माझ्याकडे सरकवली. हीच चिठ्ठी मी दोन-तीन तासांपूर्वी नजीरच्या नाकासमोर नाचवली होती, पण वाचली आत्ता. वर सदाची सही, त्याच्याखाली 'पडताळलं' असं छापलेलं आणि त्याच्यापुढं माझी सही, वळणदार, खाली रेघ मारलेली. मी तरी कुठं गेलो होतो त्या डब्यात? सकाळी एका हातात चहाचा कप धरून मी चिठ्ठ्यांचा गठ्ठाच्या गठ्ठा सह्या करून संपवला होता. रोज संपवत होतो. एकही डबा न शिरता सोडला नाही म्हणून वर मी सांगितलं ना? ते हाताखाली माणसं येईपर्यंतचं. त्यानंतर कित्येक वर्षं मी दिनकरनं एकदा केलेली गोष्ट रोज करत होतो, आणि नंतर उठून पोरांना दिनकरची गोष्ट सांगायला जात होतो.  महिन्यातून एकदा पापनिवेदनाला जाणारा मी, पण हे कधी तोंडावर आलंच नव्हतं, कारण हे पाप आहे असं मला वाटलंच नव्हतं.

मी तिथंच कागद मागून घेतला आणि लिहिलं. दार मी लावलं. आत पाहिलं नाही. हाक दिली नाही. न बघता चिठ्ठीवर सही केली, आणि अशा सह्या नेहमीच केल्या आहेत. सदानंदला काढायचं असेल तर आधी मला काढावं.

याला कृपा करून कुणी आदर्श म्हणू नये. खरं बोलायला मला कधीच जड गेलं नाही. ते मला सोपं जातं, तीच तर अडचण होती. मॅनेजरनी तो कागद कुठं वापरला माहीत नाही. सदाची नोकरी राहिली. मला मेमो मिळाला, शिकवण्याचं काम काढून घेतलं, आणि वर्षभरात मी निवृत्त झालो.

पण ज्या गोष्टीसाठी फिलूनं मला हे लिहायला बसवलं, ती अजून सांगायची आहे.

चार दिवसांनी मी सदाच्या घरी गेलो. तो ओट्यावर खाटेवर पडला होता, दोन्ही हातांना पट्ट्या. मला फाटकात बघितल्याबरोबर तो ताडकन उठून उभा राहिला. त्याच्या बायकोनं कोकम सरबत आणून दिलं आणि ती दाराशी थांबली. मी ग्लास तसाच धरून त्याची माफी मागितली. वाटेत रिक्षात चार वाक्यं ठरवून ठेवली होती, त्यांतलं एकही धड आलं नाही. तो सारखा "ऱ्हावं दे सायेब, तुमाला काय म्हाईत" असंच म्हणत राहिला. बोलताना माझ्या चेहऱ्याकडे बघत नव्हता.

चार दिवस एकच गोष्ट माझं डोकं खात होती. ती शेवटी विचारली. "सदा, मी दार ढकललं तेव्हा तू आत दाराशीच उभा होतास. मी हातभर अंतरावर. तुला कळलं नाही का कोणीतरी दार लावतंय?"

"कललं ना. तुमी मरियेचा गाना म्हनत व्हते."

"मग ओरडला का नाहीस?"

तो पट्ट्यांकडे बघत राहिला. त्याच्या बायकोनं तोंड फिरवलं. तिला हे आधीच माहीत होतं, असं मला वाटलं.

"तुमीच व्हते म्हनून," तो म्हणाला. "दुसरा कोन असता तर बोंबललो असतो. मना वाटला, सायेब जाऊं दे लांब, मंग हाक मारू, कोनतरी खोलील. पन मंग डबा उचलनाऱ्या मशीनचा आवाज सुरू झाला."

त्यानं हे कसलाही राग न ठेवता सांगितलं. रागावला असता तर बरं झालं असतं. दार उघडू शकणारा माणूस त्याच्यासमोर उभा होता, गात होता, आणि त्या माणसापेक्षा त्याला तो तापलेला काळोख बरा वाटला.  हातातलं सरबत मी खाली ठेवलं आणि खाटेच्या कडेला हात करून म्हटलं, "बस रे सदा. तुला उभं राहवत नाही."

"तुमी बसा, सायेब," तो म्हणाला आणि तसाच उभा राहिला.